निसान २७, अश्दोद

सकाळी साडेसहा. बसच्या रेडिओवर आज संथ गाणी चालू आहेत. काल सूर्यास्तापासून योम हाशोआ लागला. नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंचा हा स्मृतिदिन, १९५९ च्या कायद्यानं ठरलेला. मी नर्स आहे, घरोघरी जाऊन वृद्धांना तपासते. माझे आईवडील रेवदंड्याचे बेने इस्राएल. आमच्या घरी जुन्या गोष्टींना कधी तोटा नव्हता: नारळाची वाडी, तेलाचा घाणा, शेजारपाजार. आता ज्या घरांत जाते, त्यांतल्या कित्येकांत जुनी गोष्ट पन्नास-साठ वर्षं कुणी काढलेलीच नाही.

साडेसात. पहिलं घर शहाण्णव वर्षांच्या आजींचं. त्या हंगेरीच्या. १५ मे ते ९ जुलै १९४४ या आठ आठवड्यांत तिथल्या सुमारे ४ लाख ३७ हजार ज्यूंना मालगाड्यांत कोंबून नेलं, बहुतेकांना आउश्वित्झच्या मृत्युछावणीत. आजी तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. डाव्या हातावर 'ए'नं सुरू होणारा क्रमांक गोंदलेला आहे, म्हणून रक्तदाब मी उजव्या हाताला बघते.

अलीकडे त्यांचा स्मृतिभ्रंश वाढलाय. हिब्रू पुसत चालली, हंगेरियन राहिली, आणि तिच्यासोबत ते दिवसही परत आले. त्यामुळे इथे शॉवरखाली आंघोळ नाही. बादलीत कोमट पाणी घ्यायचं, आधी त्यांच्या तळहातावर ओतायचं, न्हाणीघराचं दार उघडं ठेवायचं. जेवणाचं ताट त्यांनी स्वतः सरकवल्याशिवाय उचलायचं नाही. उशीच्या अभ्र्यात पावाचे तुकडे असतात. शिळे काढायचे, पण जागी ताजे ठेवूनच. केरळहून आलेली त्यांची मदतनीस हे सगळं फार मायेनं सांभाळते.

पाव त्यांच्या मुलीच्या पर्समध्येही असतो. ती १९५३ साली इथेच जन्मली, एक दिवसही उपाशी राहिलेली नाही. तिला आजींच्या आईचं नाव दिलंय. ती आई गाडीतून उतरली त्याच दिवशी मारली गेली. असं नाव घेऊन वाढणाऱ्या पोरीला गुडघा फुटला म्हणून रडायचीही लाज वाटायची. १९६१ साली नाझी अधिकारी आइखमनचा खटला रेडिओवर ऐकवत, तेव्हा ती आठ वर्षांची होती. साक्षीदार बोलू लागला की आजी रेडिओ बंद करायच्या. पोर शेजाऱ्यांच्या खिडकीखाली जाऊन उभी राहायची. आपल्या आईवर काय गुदरलं असेल, ते तिला परक्यांच्या तोंडून कळलं.

दहा. भोंगा वाजतो आणि दोन मिनिटं देश थांबतो. हमरस्त्यावर गाड्या उभ्या राहतात, माणसं खाली उतरून स्तब्ध होतात. हा भोंगा एकसुरी असतो, रॉकेटच्या इशाऱ्याचा चढउतार करतो. अश्दोदच्या पोरासोरांनाही त्यातला फरक कळतो, आजींना आता कळत नाही. म्हणून मुलगी आधीच येते, खिडक्या लावते, आईचे दोन्ही हात धरून बसते. बाहेर सगळे उभे, आत या दोघी बसलेल्या. नातू दाराशी. पंचेचाळीस वर्षांचा हा धडधाकट माणूस गाडीची टाकी कधी अर्ध्याखाली जाऊ देत नाही, घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट चालू ठेवतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

साडेअकराला दवाखान्यात डॉक्टरांशी याच विषयावर बोलणं होतं. रेचल येहुदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्या संहारातून वाचलेल्या माणसांत आणि त्यांच्या मुलांत ताणाशी निगडित एका जनुकावर रासायनिक खुणा दाखवल्या, आणि दुःख रक्तातून येतं अशा बातम्या झाल्या. तपासलेली माणसं मात्र मोजकीच होती. उलट २००३ मध्ये डच आणि इस्रायली अभ्यासकांनी अनेक पाहण्या एकत्र तपासल्या, तेव्हा सर्वसाधारण घरांतली अशी मुलं इतरांहून अधिक आजारी दिसली नाहीत. मला हे पटतं. आजींच्या मुलीनं जन्मभर शाळेत गणित शिकवलं, संसार केला, ती आजारी नाही. तिच्या पर्समधला पाव रक्तातून आलेला नाही, घरातल्या गप्पपणातून आलाय.

दुपार इन्सुलिन आणि मलमपट्ट्यांत जाते.

पाच वाजता आजींच्या इंजेक्शनसाठी परत. पणती वही घेऊन बसलेली. इथे सातवीतल्या मुलांना घराण्याची मुळं शोधायचा प्रकल्प असतो. लेकीला जे विचारता आलं नाही, नातवाला विचारायचा धीर झाला नाही, ते या बारा वर्षांच्या पोरीला वहीसाठी हवंच होतं. तिनं विचारलं, "पणजी, तुला भावंडं किती?" तिच्या आजीनं, म्हणजे आजींच्या मुलीनं, ते हंगेरियनमध्ये सांगितलं. आजींनी डोळे मिटले आणि चार नावं घेतली. शेवटचं नाव मुलगी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. तीन वर्षांचा भाऊ. बहात्तराव्या वर्षी तिला आणखी एक मामा मिळाला. पणतीनं नावाचं स्पेलिंग विचारलं, आणि मुलीनं ते वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं.

रात्री आठ. नोंदी पुऱ्या करते. जेरुसलेमची याद वाशेम संस्था १९५० च्या दशकापासून साक्षीची पानं जमवते आहे: मारल्या गेलेल्याचं नाव, आईवडील, गाव, आणि खाली भरणाऱ्याची सही. त्या मामाचं पान तिथे नव्हतं, मुलगी उद्या भरणार आहे. आपल्या बेने इस्राएल मुलामुलींपैकी कितीतरी जण अशा घरांत लग्न करून गेले आहेत. तुमच्या सासरी एवढं वयस्क कुणी असेल, तर नावं याच आठवड्यात विचारा आणि पान भरा. ते संगणकावरूनही भरता येतं.