लहान रुग्णालयातील वाय-फाय आणि प्राधान्याचा क्रम

दूरवैद्यक ही कल्पना आपल्या भागाला नवी नाही. आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यातल्या आरगोंडा या खेड्यातील अपोलोच्या रुग्णालयात मार्च २००० मध्ये दूरवैद्यक केंद्राचे औपचारिक उद्घाटन झाले. ते अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या हस्ते झाले. त्या काळी संदेश उपग्रहामार्फत जात असे. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्याने एका बाजूचा शब्द दुसरीकडे पोहोचण्यास जवळजवळ पाव सेकंद लागे. आज कोठी, नारायणगुडा, हिमायतनगर येथील साध्या दवाखान्यातही फायबरची जोडणी असते. तरीही रुग्णाशी चाललेला चित्रसंवाद मध्येच गोठतो, आवाज तुटतो. पूर्वीचा अडथळा अवकाशात होता, आताचा बहुधा आपल्याच भिंतींच्या आत असतो.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. केंद्र शासनाने २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यक व्यवसायाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार ‘अ’ सूचीतील औषधे पहिल्याच सल्ल्यात लिहून द्यावयाची असल्यास तो सल्ला चित्रसंवादानेच व्हावा लागतो. धाप लागलेल्या रुग्णाच्या श्वासाची गती किंवा त्वचेवरील पुरळ पाहावयाचे, आणि नेमक्या त्याच क्षणी चित्र थिजले, तर तो सल्ला अपुराच म्हणावयाचा.

विलंब कोठे होतो?

इंटरनेटवरील सर्व मजकूर लहान लहान पॅकेटांत विभागून जातो. साध्या ध्वनिसंवादात सामान्यतः दर २० मिलिसेकंदांस एक पॅकेट निघते, आणि एका कॉलला सेकंदास १०० किलोबिटहून कमी जागा पुरते. याउलट सी.टी.चे एक चित्र ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचे, म्हणजे सुमारे अर्ध्या मेगाबाइटचे असते. अशी ३०० चित्रे पाठवावयाची म्हणजे १५० मेगाबाइट झाले.

स्वागतकक्षातील संगणकाने ही चित्रे पाठवावयास घेतली की राऊटरच्या दारात लांब रांग लागते. त्याच वेळी डॉक्टरांच्या आवाजाचे चिमुकले पॅकेट येते आणि मुकाट्याने रांगेच्या शेवटी उभे राहते. फाइल दहा सेकंद उशिरा पोहोचली तर कोणाचे काही बिघडत नाही. आवाजाचे पॅकेट मात्र अर्धा सेकंद उशिरा आले तर ते टाकूनच द्यावे लागते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार सुखद संभाषणासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. म्हणून अनेकदा महागडी योजना घेऊनही तक्रार कायम राहते. उणीव वेगाची नसते, रांगेतील क्रमाची असते.

रोगनिवडीचे तत्त्व

वैद्यकास हे तत्त्व परिचित आहे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद दोमिनिक लॅरे यांनी जखमींवर हुद्द्यानुसार नव्हे तर निकडीनुसार उपचार करण्याची पद्धत रुजविली. ओपीडीत टोकन क्रमांकाने रुग्ण पाहिले जातात, परंतु छातीत कळ आलेला रुग्ण आला की टोकन बाजूला राहते. वाय-फायसाठी हीच व्यवस्था २००५ साली ८०२.११ई या मानकाने आणली. तिचे प्रचलित रूप ‘डब्ल्यूएमएम’ या नावाने ओळखले जाते.

तिच्यात चार श्रेणी आहेत: ध्वनी, चित्र, सर्वसाधारण आणि पार्श्वभूमी. वाय-फायवर एका वेळी एकानेच बोलावयाचे असते. म्हणून प्रत्येक उपकरण हवा शांत होण्याची वाट पाहते आणि मग मनात एक यादृच्छिक आकडा धरून तितके क्षण थांबते. ध्वनीसाठी हा आकडा सुरुवातीस ० ते ३ मधील, चित्रासाठी ० ते ७ मधील, तर उरलेल्यांसाठी ० ते १५ मधील असतो. टकरी होत गेल्या तर सर्वसाधारण श्रेणीची मर्यादा १०२३ पर्यंत वाढते, ध्वनीची मात्र ७ वरच थांबते. त्यामुळे आवाजाला जवळजवळ नेहमीच आधी संधी मिळते.

प्रत्यक्ष मांडणी

पहिली गोष्ट, ॲक्सेस पॉइंटवर डब्ल्यूएमएम चालू आहे याची खात्री करावी. ते बंद केल्यास ८०२.११एन व त्यानंतरच्या उपकरणांचा वेगही ५४ मेगाबिटपर्यंत घसरतो.

दुसरी, पॅकेटांवर योग्य खूण हवी. या खुणेस डीएससीपी म्हणतात. ध्वनीसाठी ४६ हा आकडा रूढ आहे. कित्येक उपकरणे या आकड्याचे फक्त पहिले तीन बिट वाचतात, त्यांतून ५ हा अंक निघतो आणि आवाज चित्राच्या श्रेणीत जाऊन बसतो. म्हणून ४६ ची जोडणी ६ या प्राधान्याशी करून घ्यावी. २०१८ च्या आरएफसी ८३२५ या दस्तऐवजाची शिफारसही हीच आहे.

तिसरी, बाहेरून येणाऱ्या पॅकेटांवरील खुणा वाटेत बहुधा पुसल्या जातात. तेव्हा राऊटरवर नियम करून सल्लामसलतीच्या उपकरणांची पॅकेटे पुन्हा खुणावी लागतात.

चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची, अपलोडची कमाल मर्यादा मोजलेल्या वेगाच्या सुमारे ९० टक्के ठेवावी. असे केले की रांग सेवा पुरवठादाराच्या यंत्रात न लागता आपल्या राऊटरमध्ये लागते. जी रांग आपल्या हाती नाही, तिच्यात क्रम लावणार कसा?

पाचवी, प्रतीक्षाकक्षातील नातेवाइकांसाठी वेगळे नेटवर्क ठेवून त्याच्या वेगास मर्यादा घालावी. यामुळे रुग्णांच्या नोंदीही सुरक्षित राहतात. सी.सी.टी.व्ही. कॅमेरे शक्यतो तारेनेच जोडावेत आणि नोंदींच्या प्रती रात्री घ्याव्यात.

मर्यादा

प्राधान्यक्रमाने रस्ता रुंद होत नाही, फक्त रुग्णवाहिकेला वाट मिळते. शेजारच्या इमारतीतील वाय-फाय आपले नियम पाळत नाही. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांस न छेदणारे चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. दाट वस्तीत ते भरलेलेच असतात. म्हणून सल्ल्याची उपकरणे ५ गिगाहर्ट्झवर न्यावीत. क्ष-किरण कक्षाच्या शिशाच्या अस्तरातून रेडिओलहरी नीट जात नाहीत, म्हणून त्या खोलीत ठेवलेला ॲक्सेस पॉइंट बाहेरच्यांना निरुपयोगी ठरतो. आणि अतिदक्षता विभागातील मॉनिटरचा धोक्याचा इशारा केवळ अशा सामान्य वाय-फायच्या भरवशावर कधीही सोडू नये.

आणखी एक मोह टाळावयास हवा. मुख्य डॉक्टरांचा फोन, मग व्यवस्थापकांचा, मग हिशेबनिसांचा, असे करीत सर्वांनाच वरची श्रेणी दिली, की कोणालाच प्राधान्य उरत नाही. ज्या कॅज्युअल्टीत प्रत्येक रुग्ण ‘तातडीचा’ ठरतो, तेथे तातडी या शब्दाला अर्थ राहत नाही. श्रेणी कामाला द्यावी, व्यक्तीला नव्हे.

मांडणी पूर्ण झाल्यावर परीक्षा सोपी आहे. एका संगणकावरून मोठी फाइल पाठवावयास लावावी आणि त्याच वेळी शेजारच्या खोलीतून चित्रसंवाद करावा. फाइल थोडी रेंगाळली आणि आवाज अखंड राहिला, तर मांडणी साधली. आवाज तुटलाच, तर प्रथम अपलोडची मर्यादा आणखी थोडी खाली आणून पाहावी. नवी योजना विकत घेण्याचा विचार त्यानंतर करावा.