पाण्यातला शेजारधर्म

गिरगावात किंवा लालबाग-परळच्या चाळीत शेजारधर्म कुणाला शिकवावा लागत नाही. पाण्याची वेळ, सामायिक जिना आणि गॅलरीतली कपड्यांची दोरी तो आपोआप अंगवळणी पाडतात. समुद्रात भिंतीही नाहीत आणि दारावरच्या पाट्याही नाहीत. तरीही वरळी, माहीम, कुलाब्याच्या कोळीवाड्यांतून निघणारी होडी मनाला येईल तिथे जाळं टाकत नाही. तिथला शेजारधर्म जास्त कडक असतो, कारण चुकलं की जाळं जातं आणि जाळ्याबरोबर हंगामाची कमाईही.

मुंबईच्या बोंबील-जवळ्याची मासेमारी डोल जाळ्यावर चालते. हे जाळं लांबलचक पिशवीसारखं असतं. ते खुंटांना बांधतात, म्हणजे तोंड प्रवाहाकडे राहतं आणि भरती-ओहोटीचं पाणी मासळी आत लोटतं. इथे मासळीचा पाठलाग नसतो, वाट पाहणं असतं, म्हणून सगळा जीव जागेत. शेजाऱ्याच्या जाळ्यासमोर, वरच्या प्रवाहात कुणी खुंट ठोकले तर त्याच्या वाट्याची मासळी आधीच अडते. त्यामुळे ‘कव’, म्हणजे जाळं लावायची ठरलेली जागा, कुणाची, दोन जाळ्यांत अंतर किती, हे परंपरेने ठरत आलं आहे. परंपरा मात्र एकमेकांना ओळखणाऱ्यांतच टिकते. वसई-उत्तनचे डोलवाले आणि सातपाटी-डहाणूचे वाहतं जाळं टाकणारे यांच्यातला कवींचा वाद वर्षानुवर्षं धुमसतो आहे, कारण एकाची स्थिर जागा दुसऱ्याच्या वाटेत येते.

वाहत्या जाळ्याची रीत वेगळी. त्याच्या बोया पाण्यावर दिसतात. समजदार तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, त्या पाहून लांबून वळसा घेतो. ओलांडण्यावाचून गत्यंतर नसेल तर मशीन बंद करून पंखा थांबवतो. पंख्यात जाळं गुंतलंच तर ते सोडवून घ्यायचं. सुरी ही शेवटची गोष्ट.

या रीतीमागचं तत्त्व जगभर मान्य आहे. समुद्रातली टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये ठरले आणि १९७७ पासून लागू झाले. ज्याला हलणं जास्त कठीण, त्याला वाट द्यायची, असं त्यांचं सूत्र आहे. म्हणून इंजिनाच्या बोटीने जाळं टाकून बसलेल्या बोटीला वाट द्यावी लागते. समोरासमोर आलेल्या इंजिनाच्या दोन बोटींनी आपापल्या उजवीकडे वळायचं. रात्री दिवे बोलतात. पांढऱ्यावर हिरवा दिवा दिसला तर ट्रॉलर जाळं ओढतो आहे. पांढऱ्यावर लाल दिसला तर दुसऱ्या प्रकारची मासेमारी चालू आहे.

हे सूत्र मच्छीमारांनाही बांधतं. अरुंद जलमार्गात मासेमारी करणाऱ्याने मार्गातल्या इतर जहाजांना अडथळा करायचा नाही. मुंबई बंदर आणि न्हावा-शेव्याकडे जाणारं अवजड जहाज ना चटकन थांबू शकतं, ना खोल पाणी सोडून बाजूला होऊ शकतं. याच पट्ट्यात ७ ऑगस्ट २०१० रोजी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं एकमेकांवर आदळली. तेल सांडलं, कंटेनर वाहत गेले. मासेमारी थांबली आणि बाजारात गिऱ्हाईक मासळीला हात लावेना. चूक मोठ्यांची, उपास मात्र कोळीवाड्याला.

लहानांसाठी पाणी राखण्याची कल्पना महाराष्ट्राच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात आहे. पावसाळी बंदी हाही शेजारधर्मच, फक्त तो माशांशी पाळायचा. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच होड्या लोटायच्या, ही रीत कायद्याहून कितीतरी जुनी आहे.

हौशी गळवाल्यांचाही शिष्टाचार आहे. शेजाऱ्याच्या दोरीवरून आपली दोरी फेकायची नाही, त्याच्या गळाला मोठा मासा लागला की आपली दोरी गुंडाळून घ्यायची. तुटलेली नायलॉनची दोरी खडकांत टाकून जायची नाही, कारण ती पक्ष्यांच्या पायांत आणि होड्यांच्या पंख्यांत अडकते. पिल्लू लागलं तर हात ओला करून सोडवायचं आणि पाण्यात परत टाकायचं.

शेजारधर्म सिमेंटलाही लागू होतो, हे वरळीने दाखवून दिलं. सागरी किनारा मार्गाच्या पुलाचे खांब क्लीव्हलँड बंदराच्या तोंडाशी साठ मीटर अंतराने येणार होते. कोळ्यांनी काम रोखून धरलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: लाटा आणि वारा होडीला आडवी ढकलतात, तेव्हा नकाशावर पुरेशी दिसणारी वाट पाण्यात पुरत नाही. शेवटी हे अंतर एकशे वीस मीटर ठरलं. मागणी याहून मोठी होती, पण पूल बांधणाऱ्यांना होडीच्या नजरेने पाणी पाहावं लागलं.

असं पाहणं मुंबईला परकं नाही. १९३४ मध्ये लालबागच्या राजाची सुरुवात करणाऱ्यांत कोळी होते. गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला राजा निघतो तेव्हा कोळ्यांच्या होड्या सोबत असतात, आणि त्या गर्दीत भरती-ओहोटी जाणणाऱ्याचा शब्द चालतो. आज त्याच पाण्यात नव्या फेरीबोटी, स्पीडबोटी आणि शिडाच्या नौका वाढत आहेत. त्यांच्या चालकांना इंजिन येतं, दिवेही येतात, पण कुठे कुणाची कव आहे आणि उधाणाच्या दिवसांत होड्या कुठून परततात, हे कुठल्याच परीक्षेत विचारत नाहीत. परवाना देण्याआधी त्यांना चार दिवस एखाद्या तांडेलाबरोबर पाठवावं. खर्च फारसा नाही, आणि तांडेलाला शिकवायचे पैसे मात्र जरूर द्यावेत.