दिव्याआडच्या कृत्तिका

आकाश कोणाच्याच मालकीचे नाही, म्हणून ते नाहीसे होत असता कोणी तक्रारही करीत नाही. घरातले जुने फुलपात्र हरवले तर आपण चार दिवस शोधतो. अंगणावरची आकाशगंगा कोणत्या साली गेली, हे मात्र फार थोड्या घरांना सांगता येईल. हा विचार मनात घर करून राहिला तो हुमनाबादेत, एका परसात, सहा इंची दुर्बिणीजवळ.

हुमनाबाद आपल्याकडील जुन्या मंडळींस अपरिचित नाही. बिदर जिल्ह्यातले हे गाव १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते, लगतच माणिकनगर. माझे वडील राजगवई. १९७१ साली तनखे बंद झाले तोवर त्यांनी वाड्याची चाकरी केली. माणिकनगरास दत्तजयंतीला हजेरी लावायला ते जात, आणि उतरत ते धाकट्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या आत्याकडे. आत्या आता नव्वदीला टेकली आहे. तिच्या नातवाने दुर्बीण घेतली आणि मला निरोप आला, “काका, एकदा येऊन बघा.”

२०२५ च्या फेब्रुवारीत, महाशिवरात्रीच्या तीन-चार दिवस आधी गेलो. चंद्र उत्तररात्री उगवणार, म्हणजे रात्र काळोखी असावयास हवी. परंतु गावातून पुणे-हैदराबाद महामार्ग जातो, दुसरा रस्ता कलबुर्गीहून बिदरकडे जातो, आणि परसाच्या भिंतीपलीकडेच पांढऱ्याशुभ्र दिव्याचा खांब. डोक्यावर दूध सांडल्यासारखे फिकट आकाश.

तरीही दुर्बिणीने निराश केले नाही. जे तेजस्वी आहे ते दिव्याला दबत नाही. पश्चिमेस शुक्र होता. नुसत्या डोळ्यांना ठिपका, भिंगातून मात्र चतुर्थीच्या चंद्रासारखी कोर. रोहिणीजवळ गुरू होता. गॅलिलिओने १६१० साली पाहिलेले त्याचे चंद्र बाजूला ओळीने उभे. मृगातील राजन्य निळसर पांढरा लखलखत होता. त्याचा प्रकाश इथवर यायला अदमासे साडेआठशे वर्षे लागतात. म्हणजे जवळच्या कल्याणात बसवेश्वर होते त्या सुमारास तो निघालेला. मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ पाहताना पोराने मला एक युक्ती शिकवली: “सरळ बघू नका काका, किंचित बाजूला बघा.” डोळ्याच्या कडेला अंधुक उजेड अधिक जाणवतो. तसे केले आणि काहीच नव्हते तिथे राखी धुराचा पंखा उलगडला.

साडेआठच्या सुमारास दक्षिणेस अगस्त्य मध्यावर आला. हुमनाबादेहून ध्रुव उत्तरेस सुमारे अठरा अंश उंच, आणि अगस्त्य दक्षिणेस साडेएकोणीस. दोघे जवळजवळ सारख्याच उंचीवर. अगस्त्य झाडांवरून दिसला. ध्रुव दिव्याच्या बाजूला असल्याने शोधूनही सापडेना.

आत्या बाजेवर बसून हे सारे ऐकत होती. तिला बोलावले तर म्हणाली, “मला नको रे बाळ. माझे डोळे कधीच गेले.” मग कळले ते असे. मार्गशीर्षात पहाटे कृत्तिकांचा झुबका मावळतीला टेकला, की ती बंब पेटवी. भाऊ मैफल आटोपून आता येईल, हा तिचा हिशेब. घड्याळ घरात एकच, तेही सासऱ्यांच्या खोलीत. पुढे भाऊ गेला, आणि काही वर्षांनी कृत्तिकाही दिसेनाशा झाल्या. मोतीबिंदू काढला तरी दिसल्या नाहीत. तेव्हा डोळे संपले असे तिने मनाशी ठरवले आणि वर पाहणेच सोडले.

पोराने कमी शक्तीचे भिंग लावून दुर्बीण कृत्तिकांकडे वळवली. आत्याला खुर्चीवर बसवून डोके धरले. बराच वेळ ती गप्प. मग बोट हवेत हलवून मोजू लागली: सहा, सात, अकरा, पुढे चुकली. “म्हणजे इथेच होत्या की!” एवढेच म्हणाली, आणि भिंगापासून उठेना.

तिची नजर शाबूत होती. आड आला होता तो दिवा. सारखा तंबोरा ऐकत असता शेजारी कर्णा लागला तर कान गेला असे आपण म्हणत नाही. कर्णा हळू करा म्हणतो. डोळ्यांच्या बाबतीत मात्र दोष स्वतःकडे घेतो.

हे दुखणे नवे नाही. १९०१ साली नवाब जफर जंग यांनी हैदराबादेत वेधशाळा उभारली. तीच पुढे निजामिया म्हणून नावारूपास आली आणि आकाशाच्या जागतिक छायाचित्र-नकाशात तिने आपला वाटा उचलला. परंतु १९६८ साली अठ्ठेचाळीस इंची दुर्बीण बसवायची वेळ आली तेव्हा ती शहराच्या उजेडापासून दूर, जपाल-रंगापूर येथे न्यावी लागली. आता तर लहान गावेही उजळली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २०११ पासून जगभरच्या हौशी निरीक्षकांनी केलेल्या ५१,००० हून अधिक नोंदी तपासल्या. आकाशाचा उजेड वर्षाला सुमारे दहा टक्क्यांनी वाढत असल्याचे त्यांतून दिसले. पांढऱ्या दिव्यांतला निळा भाग हवेत अधिक विखुरतो, म्हणून त्यांचा जाच जुन्या पिवळ्या दिव्यांहून अधिक.

उपाय मात्र साधा आहे. रस्त्याला उजेड हवाच, पण तो रस्त्यावर पडावा. दिव्याला वरून टोपण, पिवळसर प्रकाश, आणि काम नसेल तेव्हा बंद. पेंच अभयारण्याला २०२४ साली काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली ती अशाच व्यवस्थेने. आपल्या घराला तर मान्यतेचीही गरज नाही.

वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते: एखाद्या अवसेला पडवीचा दिवा मालवा, शेजाऱ्यांनाही विनवा, आणि वीस-पंचवीस मिनिटे डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. घरात कोणी वडीलधारे “आता दिसत नाही” म्हणत असेल, तर आधी त्यांना बाहेर आणून बसवा.