पाण्याची हद्द आणि सात-बाराची हद्द

प्रत्येक तळ्याला, पाणथळ जमिनीला, ओढ्याला दोन हद्दी असतात. एक महसुली नकाशावरची. ती साखळीने मोजलेली, दगडांनी खुणावलेली असते आणि जमीन कोणाची ते सांगते. दुसरी पाण्याची. ती पावसाळ्यात पसरते, चैत्र-वैशाखात आकसते आणि पाणी कुठवर येते, कुठे मुरते ते सांगते. पहिली हद्द आखण्याची व्यवस्था पश्चिम भारतात पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. दुसरी आखण्याची कायदेशीर रीत २०१० नंतरची. पाणथळींचे बहुतेक तंटे या दोन हद्दी एकमेकींशी जुळत नाहीत, तिथे जन्म घेतात. सुरतेच्या उत्तरेचे कोसाड हे अशा जागांचे नमुनेदार उदाहरण आहे.

कोसाडची जमीन

कोसाड तापीच्या उजव्या तीरावर, मुंबई–अहमदाबाद लोहमार्गावर उतराणच्या पुढचे स्थानक. तापी खानदेशातून भुसावळजवळून वाहत येते आणि सुरतेखाली समुद्राला मिळते. तिच्या मुखाजवळचा हा प्रदेश सपाट आणि काळ्या चिकणमातीचा आहे. उतार इतका कमी की पावसाचे पाणी वाहून जाण्याआधी साचते. काक्रापार बंधाऱ्याचे कालवे आल्यावर या पट्ट्यात ऊस आणि भात वाढले. त्याबरोबर कालव्यांच्या पाझराने काही शेते पाणथळ आणि क्षारपड झाली.

अशा मुलखात पाण्याच्या वाटांना स्वतःचे शब्द असतात. शेतांच्या कडेने जाणाऱ्या निचऱ्याच्या चराला गुजरातीत ‘कांस’ म्हणतात. सुरतेत ‘खाडी’ म्हणजे केवळ भरती-ओहोटीचा समुद्राचा फाटा नव्हे, तर पावसाचे पाणी वाहून नेणारा ओढाही. मिठी खाडी, कांकरा खाडी, भेदवाड खाडी हे शहराच्या दक्षिण भागातले असे ओढे, आणि ते फुगले की येणाऱ्या पुराला ‘खाडीपूर’ असे वेगळे नाव आहे.

२००६ या वर्षी दोन गोष्टी घडल्या. ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत शहराचा मोठा भाग बुडाला. त्याच वर्षी महापालिकेची हद्द सुमारे ११२ चौरस किलोमीटरवरून सुमारे ३२६ चौरस किलोमीटरवर गेली आणि कोसाड, अमरोली हा भाग शहरात आला. पुढे कोसाडला ‘कोसाड आवास’ ही घरांची मोठी वसाहत उभी राहिली. तापीकाठच्या झोपडपट्ट्यांतली पुष्कळ कुटुंबे तिथे आली. नदीच्या पुरातून उचललेल्या माणसांची नवी घरे पावसाच्या पाण्यात बुडू नयेत, हे पाण्याच्या हद्दी ओळखण्याचे सर्वांत साधे कारण आहे.

दप्तरातले पाणी

कोसाडच्या जमिनीचे दप्तर आणि महाराष्ट्रातल्या जुन्या मुंबई इलाख्यातल्या गावांचे दप्तर यांचे मूळ एकच. १ मे १९६० पर्यंत दोन्ही प्रदेश मुंबई राज्यात होते. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात सुरू केलेली मोजणीपद्धती पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात रुजली. तिची साखळी ३३ फुटांची आणि १६ आण्यांची. एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट; ४० गुंठ्यांचा एकर. सर्व्हे नंबर, हद्दीचे दगड, फेरफार आणि सात-बारा हे शब्द आजही दोन्ही राज्यांच्या कचेऱ्यांत चालतात.

मुंबई जमीन महसूल अधिनियम, १८७९ हा गुजरातेत आजही मूळ कायदा आहे. त्याच्या कलम ३७ नुसार रस्ते, नद्या, ओढे, नाले, तळी आणि भरतीरेषेखालच्या खाड्यांचे तळ, खाजगी हक्क सिद्ध झाला नसेल तर, सरकारी मालकीचे ठरतात. महाराष्ट्राच्या १९६६ च्या संहितेत हीच तरतूद कलम २० मध्ये आहे. म्हणजे गावतळ्याची मालकी ठरवणे बहुतेक वेळा अवघड नसते.

अवघड असते ते तळे कुठे संपते हे सांगणे. सर्वेक्षणाचा हेतू सारा ठरवण्याचा होता. जी जमीन पिकत नाही, तिच्यावर सारा नाही. म्हणून ती ‘खराबा’ म्हणून वजा केली गेली. तळ्याला स्वतंत्र सर्व्हे नंबर मिळाला असेल तर त्याची आकृती नकाशात सापडते. पण पावसाळ्यात चार महिने पाणी धरणारी सखल जागा शेताच्या पोटखराब्यात मोडली, आणि अरुंद कांस कधी दोन शेतांच्या बांधातच विरून गेली. पाणी तिथे दरवर्षी येत राहिले. कागदावर मात्र त्याचे नाव उरले नाही.

नगररचना योजनेत काय होते

शेतजमीन शहरात आली की गुजरातेत तिच्यावर नगररचना योजना आखली जाते. या पद्धतीची सुरुवात १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून झाली. आजचा आधार १९७६ चा गुजरात नगररचना व नगरविकास अधिनियम आहे. शेतांचे मूळ तुकडे एकत्र धरून रस्ते, बागा, सार्वजनिक सोयी यांची जागा वेगळी काढतात आणि उरलेली जमीन सरळ कडांच्या ‘अंतिम खंडां’च्या रूपाने मालकांना परत देतात. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठी एक महिना असतो. प्राथमिक योजना मंजूर झाली की ती कायद्याचा भाग असल्यासारखी लागू होते आणि मूळ खंडांवरचे हक्क संपून नव्या खंडांवर येतात.

रस्ते आणि बागांसाठी ही पद्धत न्याय्य आहे, कारण तोटा एकट्याच्या वाट्याला येत नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र तिची धार तीक्ष्ण आहे. वळणे घेत जाणारी कांस नव्या आराखड्यात सरळ केली, नळात घातली किंवा विसरली गेली, तर तिची जुनी हद्दही कायदेशीररीत्या पुसली जाते. म्हणून पाणथळीची हद्द मसुद्याच्या टप्प्यावर नकाशात असणे अत्यावश्यक आहे. योजना मंजूर झाल्यावर दाखवलेली हद्द फार उशिरा आलेली असते. गुजरात उच्च न्यायालयाने २००२ मध्ये शैलेश शाह विरुद्ध गुजरात राज्य या जनहित याचिकेत राज्यातल्या जलाशयांची यादी राजपत्रात प्रसिद्ध करून ते जपण्याचे निर्देश दिले. सर्वोच्च न्यायालयानेही २००१ च्या हिंचलाल तिवारी आणि २०११ च्या जगपाल सिंग या निकालांत गावतळी आणि सामाईक जमिनी खाजगी उपयोगासाठी देता येणार नाहीत, असे स्पष्ट केले.

पाणथळीचा कायदा

पाणथळ जागांसाठी स्वतंत्र नियम २०१० मध्ये आले. त्यांच्या जागी २०१७ चे नियम २६ सप्टेंबर २०१७ रोजी लागू झाले. त्यांचे संरक्षण रामसर कराराखालच्या स्थळांना आणि सरकारने अधिसूचित केलेल्या पाणथळींना मिळते. नदीपात्र, भातखाचरे, आणि पिण्याचे पाणी, सिंचन, मत्स्यशेती, मीठ किंवा करमणूक यांसाठी माणसाने बांधलेले जलाशय व्याख्येबाहेर आहेत. वनक्षेत्र, अभयारण्ये आणि किनारा नियमन क्षेत्र यांना त्यांचे आपापले कायदे लागू होतात. म्हणून एखादी जागा ओली आहे एवढ्यावर संरक्षण मिळत नाही. ती कोणत्या कायद्याखाली येते, हे आधी ठरावे लागते.

प्रत्येक राज्यात पर्यावरण किंवा वन मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली पाणथळ प्राधिकरण आहे. ते अधिसूचनेची शिफारस ‘संक्षिप्त दस्तऐवजा’वरून करते. या दस्तऐवजात पाणथळीची हद्द अक्षांश-रेखांशांसह आणि प्रत्यक्ष पाहणीने पडताळून द्यावी लागते. पाणी जिथून येते तो प्रभावक्षेत्राचा नकाशा, आधीपासून चालत आलेले हक्क आणि कोणत्या कामांना परवानगी, कोणत्यांना बंधन, याची यादीही लागते. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी ६० दिवस असतात आणि शिफारशीपासून २४० दिवसांच्या आत अंतिम अधिसूचना काढायची असते. अधिसूचित पाणथळीत भराव, अतिक्रमण, कचरा टाकणे, प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे यांना मनाई आहे. नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूररेषेपासून ५० मीटरच्या आत बोटीच्या धक्क्याखेरीज पक्के बांधकाम करता येत नाही.

अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने उपग्रहचित्रांवरून देशातल्या पाणथळींचा नकाशासंग्रह तयार केला. २०११ च्या आवृत्तीत २.२५ हेक्टरहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळी होत्या. त्याहून लहान ५,५५,५५७ जागा केवळ ठिपक्यांनी दाखवल्या होत्या. सर्वाधिक क्षेत्र गुजरातेत, सुमारे ३४.७५ लाख हेक्टर. पुढच्या आवृत्तीत मोठ्या पाणथळींची संख्या २,३१,१९५ झाली. सर्वोच्च न्यायालयाने ८ फेब्रुवारी २०१७ रोजी पहिल्या यादीतल्या मोठ्या पाणथळींना संरक्षणाची तत्त्वे लागू केली, आणि ११ डिसेंबर २०२४ रोजी नव्या यादीची प्रत्यक्ष पडताळणी व हद्दनिश्चिती तीन महिन्यांत पूर्ण करण्यास राज्य प्राधिकरणांना सांगितले.

पडताळणीची गरज नकाशाच्या प्रमाणातूनच येते. या संग्रहाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. अर्ध्या मिलिमीटरची रेघही २५ मीटर रुंद जागा झाकते. पाणथळ अस्तित्वात आहे, एवढे हा नकाशा सांगतो. कुंपण कुठे घालायचे ते सांगू शकत नाही. शिवाय २.२५ हेक्टर म्हणजे सुमारे साडेपाच एकर. कोसाडसारख्या गावांतली कित्येक तळी आणि सखल जागा या मापाखालीच राहतात, आणि त्यांचा आधार महसुली दप्तरावर व स्थानिक स्वराज्य संस्थेवरच टिकून असतो.

पाण्याची हद्द जमिनीवर कशी ठरते

पाणथळीची कड तीन खुणांनी ओळखतात: पाणी, वनस्पती आणि माती. पाण्याची खूण एका दिवसाच्या पाहणीने मिळत नाही. पावसाळ्यानंतरची आणि उन्हाळ्यातली उपग्रहचित्रे अनेक वर्षांची जुळवून पाण्याची नेहमीची कमाल कड काढतात. भिंतींवरचे डाग, झाडांच्या बुंध्यांवरच्या गाळाच्या रेषा आणि गावातल्या जुन्या माणसांची आठवण यांनी ती तपासतात.

वनस्पतींमध्ये पाणकणीस, लव्हाळा, नळ ही मुळे चिखलात रोवणारी झाडे भरवशाची. जलपर्णी तरंगते आणि वाऱ्याबरोबर सरकते, म्हणून तिच्यावरून कड काढता येत नाही. मातीत दीर्घकाळ पाणी राहिले की हवा संपते, लोहाचे रूप बदलते, माती करडी होते आणि मुळांभोवती तांबूस ठिपके दिसतात. काळ्या मातीत मात्र हा रंगबदल झाकला जातो. त्यामुळे तापीकाठच्या जमिनीत पाणी आणि वनस्पती यांच्या पुराव्याला अधिक वजन द्यावे लागते. कालव्याच्या पाझराने ओली झालेली जागा आणि मूळची पाणथळ यांतला फरक कालवा येण्याआधीच्या नकाशांवरून शोधावा लागतो.

पाणथळ जिवंत राहते ती पाणी येण्याच्या वाटेवर. नवी मुंबईत नेरुळच्या डीपीएस तलावात भरतीचे पाणी आणणाऱ्या वाटा बुजल्याने २०२४ मध्ये तलाव कोरडा पडत गेला आणि फ्लेमिंगोंचे आश्रयस्थान संकटात आले. तलावाच्या काठाला कोणी हात लावला नाही, तरी तो मरू शकतो. म्हणूनच दस्तऐवजात प्रभावक्षेत्र असते.

कोणता तंटा कोणाकडे

दोन शेजाऱ्यांमधला बांधाचा वाद मोजणीने सुटतो. अर्जदार भूमी अभिलेख खात्याकडे मोजणी मागतो, लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, भूकरमापक मूळ नकाशा जागेवर बसवतो. निर्णयाविरुद्ध महसुली अपील आणि मालकीच्या प्रश्नावर दिवाणी न्यायालय असते. पाणथळ प्राधिकरण या वादात पडत नाही.

सरकारी तळ्यावर किंवा कांसेवर अतिक्रमण झाले असेल तर तक्रार जिल्हाधिकारी आणि महापालिका यांच्याकडे जाते. गुजरातेत २०२० च्या जमीन बळकाव प्रतिबंध कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करता येतो. गुन्हा सिद्ध झाल्यास किमान दहा वर्षांची कैद आहे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात उच्च भरतीरेषा आणि खारफुटी यांचा वाद किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो. तिथे १००० चौरस मीटरहून मोठ्या खारफुटीभोवती ५० मीटरचा राखीव पट्टा धरतात. पाणथळीची पर्यावरणीय हद्द आणि तिच्यावरचे निर्बंध हा राज्य पाणथळ प्राधिकरणाचा विषय, आणि त्यावरचा वाद राष्ट्रीय हरित लवादापुढे नेता येतो. नियमभंगासाठी पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली, २०२३ च्या दुरुस्तीनंतर, दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आहे.

महाराष्ट्रात या वाटा एकत्र आणण्याचा प्रयत्न उच्च न्यायालयामुळे झाला. ‘वनशक्ती’ या संस्थेच्या याचिकेवर २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणथळींवरील भराव आणि बांधकामांना रोखले, पुढे तक्रारींसाठी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. उरण-नवी मुंबईतल्या तक्रारींवर महसूल, वन, पर्यावरण आणि नियोजन खाती एका टेबलाशी येऊ लागली. एखादी जागा ‘पाणथळ आहे की नाही’ हा प्रश्न खात्याखात्यांत फिरत राहण्यापेक्षा ही रीत कितीतरी चांगली.

गावपातळीवरचा आयोग

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात हे काम थेट गाव करते. १९५७ च्या कायद्याने तिथल्या गावांना संवर्धन आयोग नेमण्याची मुभा मिळाली. त्यात तीन ते सात नागरिक असतात, बहुधा विनावेतन. पाणथळीपासून १०० फुटांच्या आत काम करायचे तर आयोगाकडे अर्ज द्यावा लागतो. आयोग २१ दिवसांत जाहीर सुनावणी घेतो, जागा पाहतो आणि अटींसह आदेश देतो. प्रकल्पाआधी केवळ पाणथळीची कड ठरवून घेण्याचा अर्जही करता येतो. ती कड मान्य झाली की सर्वसाधारणपणे तीन वर्षे चालते. आदेश पटला नाही तर राज्याच्या पर्यावरण विभागाकडे अपील. मालकीची हद्द मात्र आयोग ठरवत नाही. दोन हद्दींचे प्रश्न तिथे वेगळे ठेवलेले आहेत.

भारतात याच्या जवळची संस्था जैवविविधता व्यवस्थापन समिती. २००२ च्या जैवविविधता अधिनियमाच्या कलम ४१ नुसार ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने ती नेमायची आणि लोकांच्या सहभागाने जैवविविधता नोंदवही तयार करायची. बांधकाम थांबवण्याचा किंवा हद्द ठरवण्याचा अधिकार तिला नाही. पण कोणते पाणी कुठे साचते, कोणते पक्षी, मासे, वनस्पती तिथे राहतात, कोणाचा वापर पूर्वापार आहे, हे नोंदवण्याचा अधिकार आहे, आणि संक्षिप्त दस्तऐवजाला हीच माहिती लागते.

कोसाडसारख्या नव्याने शहरात आलेल्या भागात या तुकड्यांना जोडणारे काम ठरावीक आहे. जुन्या सर्व्हे नकाशातील तळी, कांसा आणि खराबे ओळखणे. सात-बारा आणि फेरफारांशी त्यांचा मेळ घालणे. पावसाळ्यानंतरच्या अनेक वर्षांच्या चित्रांवरून पाण्याची कड काढणे. ती जागेवर दगड रोवून आणि अक्षांश-रेखांश घेऊन पक्की करणे. आणि नगररचना योजनेचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकतीच्या महिन्यात ती नकाशासह दाखल करणे. यांपैकी पात्र जागांचा दस्तऐवज राज्य प्राधिकरणाकडे जातो, बाकीच्या जागा महसूल कायद्याच्या कलम ३७ खाली सरकारी जलाशय म्हणून आणि योजनेत राखीव जागा म्हणून नोंदवता येतात. एकदा पाण्याची हद्द मालकीच्या हद्दीसारखी दप्तरात उतरली, की भूकरमापक, नगररचना अधिकारी आणि न्यायाधीश तिघेही एकाच नकाशावर बोट ठेवून बोलू शकतात.