शेल्टरमधल्या मोठ्या कुत्र्याला आपला लळा लागतो का?

घरात कुत्रं आणायचं ठरलं की मुलं मोबाइलवर पिल्लांचे फोटो दाखवू लागतात. त्यात कुणी म्हणालं, ‘शेल्टरमधून एखादं मोठं कुत्रं आणूया का?’ तर लगेच उत्तर येतं, ‘नको गं बाई! ते आधीच दुसऱ्याच्या घरी वाढलेलं. त्याला आपली माया कशी लागणार?’

तुमचंही हेच मत असेल तर जरा थांबा. या एका समजुतीपायी माणसाळलेली, शहाणी कुत्री शेल्टरच्या पिंजऱ्यातच राहून जातात. आणि शास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न तपासून पाहिला आहे.

लळा शरीरातही दिसतो

आई आणि बाळ यांच्यातली ओढ घट्ट करण्यात ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा मोठा वाटा असतो. जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं, की कुत्रं आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहत राहिले, तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये मात्र असं दिसलं नाही. म्हणजे ‘तो माझ्याकडे बघतो तेव्हा बरं वाटतं’ हे तुमचे नुसते मनाचे खेळ नाहीत.

मग हे नातं तुटतं तेव्हा काय होत असेल?

पिंजऱ्यातले पहिले दिवस

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात १९९७ मध्ये एका अभ्यासात शेल्टरमधल्या कुत्र्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की वाढणारं संप्रेरक, मोजण्यात आलं. पहिल्या तीन दिवसांत ते घरात राहणाऱ्या कुत्र्यांच्या जवळपास तिप्पट होतं.

आता विचार करा. तुम्ही शेल्टरमध्ये जाता. एक कुत्रं कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं असतं, दुसरं जाळीवर उड्या मारत भुंकत असतं. एक ‘भित्रं’ आणि दुसरं ‘तापट’, असं ठरवून तुम्ही पुढे जाता. पण कदाचित तो त्यांचा स्वभाव नसेलच. घर सुटलेल्या, घाबरलेल्या जिवाचे ते सर्वांत वाईट दिवस असू शकतात.

अवघी तीस मिनिटं

हंगेरीतल्या बुडापेस्टच्या संशोधकांनी २००१ मध्ये शेल्टरमधल्या मोठ्या कुत्र्यांवर एक साधा प्रयोग केला. काही कुत्र्यांसोबत एक व्यक्ती तीन वेळा, दर वेळी फक्त दहा मिनिटं राहिली. नंतर लहान मुलांची आईबद्दलची ओढ तपासण्यासाठी वापरतात तशीच चाचणी घेतली. अनोळखी खोलीत कधी ती ओळखीची व्यक्ती आली, कधी परकी. कुत्रं कुणाजवळ जातं, कुणाची दारापाशी वाट पाहतं, हे टिपून ठेवलं.

या कुत्र्यांनी ओळखीच्या व्यक्तीबद्दल ओढ दाखवली. तीसुद्धा एकूण अर्ध्या तासाच्या सहवासात! म्हणजे घर सुटलं, वय झालं, तरी कुत्र्याची नवं नातं जोडायची ताकद संपत नाही.

आपल्याकडेही असाच अनुभव आला. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या डॉ. अनिंदिता भद्र यांच्या गटाने २०१७ मध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वारंवार भेटणाऱ्या अनोळखी माणसावर विश्वास बसायला खाण्यापेक्षा अंगावरून फिरलेला हात जास्त उपयोगी पडला. (अर्थात, रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याला तुम्ही किंवा मुलांनी एकदम हात लावू नका. चावा आणि रेबीजचा धोका असतो.)

दत्तक घेणं शक्य नसेल तर?

भाड्याचं घर, सोसायटीचे प्रश्न, नोकरीच्या वेळा, अशा अनेक अडचणी असतात. तरीही तुम्ही बरंच काही करू शकता.

• वेळ द्या : आठवड्यातून एकदा शेल्टरमध्ये जाऊन एखाद्या कुत्र्याला फिरवा किंवा त्याच्याजवळ शांत बसा.

• एक-दोन रात्रींसाठी घरी न्या : शेल्टर परवानगी देत असेल तर हे जरूर करा. ‘घर दाखवून परत सोडलं तर त्याला जास्त त्रास होईल,’ अशी भीती अनेकांना वाटते. अमेरिकेतल्या पाच शेल्टरमधल्या २०७ कुत्र्यांच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घरी असताना त्यांचं कॉर्टिसॉल कमी झालं. परतल्यावर ते आधीच्या पातळीवर आलं, पण त्याहून वर गेलं नाही.

• मांजरांसाठी खोकी द्या : नेदरलँड्समध्ये २०१४ मध्ये असं दिसलं, की लपायला खोकं मिळालेल्या मांजरांचा ताण शेल्टरमध्ये लवकर कमी झाला. घरातली रिकामी खोकी रद्दीत देण्याआधी हे आठवा.

घरी आणणार असाल तर

पहिल्याच भेटीत निर्णय घेऊ नका, दोन-तीनदा जा. घरी आणल्यावर पहिले काही दिवस पाहुणे बोलावू नका, एक शांत कोपरा द्या, जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा ठरवा. ते आपणहून जवळ येईपर्यंत मुलांना धीर धरायला सांगा. लसीकरण आणि तपासणी पशुवैद्यांकडून करून घ्या.

आणि कुत्रं आधीपासूनच घरात असेल तर बदली, बाळाचं आगमन किंवा म्हातारपण या कारणांनी त्याला रस्त्यावर सोडू नका. प्राण्याला उपाशी-तहानलेलं राहावं लागेल अशा स्थितीत टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्यात दंड आहे १० ते ५० रुपये. एवढ्या दंडाची भीती कुणाला वाटणार? म्हणून ही जबाबदारी आपणच ओळखायला हवी. अगदीच नाइलाज असेल तर आधी नातेवाईक, मित्र, शेजारी यांच्यात त्याच्यासाठी नवं घर शोधा, आणि ते मिळेपर्यंत त्याला आपल्याजवळच ठेवा.