संगणकाच्या आवाजाची स्मृती

काशीच्या पंचगंगा घाटावर कार्तिक महिन्यात उंच बांबूंना टोपल्या बांधून त्यांत आकाशदीप लावण्याची प्रथा आहे. बांबू महिनाभर जागच्या जागी उभे असतात. दिवा मात्र रोज सायंकाळी नव्याने उजळावा लागतो. टिकणारी मांडणी आणि दर वेळी जागवावी लागणारी अवस्था यांतील हा भेद यंत्रांनाही लागू पडतो. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाचा आवाज हे त्याचे एक सुबोध उदाहरण होय.

वापरणाऱ्याने ठरविलेली आवाजाची पातळी साउंड कार्डाच्या अंतर्गत नोंदींत असते. वीज बंद होताच सामान्यतः त्या नोंदी पुसल्या जातात. लिनक्समध्ये कार्डाशी व्यवहार करण्याचे काम 'अल्सा' ही यंत्रणा करते. यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये तिचा आरंभ केला आणि २००३ च्या अखेरीस आलेल्या लिनक्सच्या २.६ या आवृत्तीपासून ती सर्वत्र रूढ झाली. अल्साच्या मूळ रीतीनुसार कार्ड सुरू होते तेव्हा त्याच्या वाहिन्या मूक असतात. त्यामुळे अकस्मात कर्णकटू आवाज उठण्याचा धोका टळतो. परंतु आदल्या दिवशीची पातळी कोणीतरी परत आणून द्यावी लागते.

हे काम 'अल्सा-सीटीएल' नावाची लहानशी आज्ञावली करते. तिच्या दोन आज्ञा महत्त्वाच्या आहेत. 'स्टोअर' ही आज्ञा सर्व पातळ्या डिस्कवरील एका फाइलीत लिहून ठेवते; 'रिस्टोअर' ही आज्ञा त्या वाचून कार्डाला पुन्हा सांगते. आजच्या बहुतेक लिनक्स संचांत संगणक बंद होताना पहिली आणि सुरू होताना दुसरी आज्ञा आपोआप दिली जाते.

या व्यवस्थेत तीन ठिकाणी खंड पडू शकतो. पहिले, वीज अचानक गेली तर संगणक रीतसर बंद होत नाही, साहजिकच शेवटचे बदल लिहिले जात नाहीत. दुसरे, कार्ड ओळखले जाण्यापूर्वीच 'रिस्टोअर' चालली तर ती पातळी सांगणार कोणाला? म्हणून कार्ड सापडल्याची वर्दी मिळताच ही आज्ञा चालविण्याची तजवीज केलेली असते. तिसरे, अल्साच्या वरच्या थरात पल्सऑडिओ किंवा पाइपवायर ही ध्वनिसेवा असते. ती प्रत्येक वापरकर्त्याची स्वतंत्र आठवण ठेवते आणि त्याने प्रवेश केल्यानंतर ती लागू करते. खालच्या थराने आणलेली पातळी अशा वेळी बदलू शकते. दोष शोधताना दोन्ही थर तपासले पाहिजेत.

डोळस माणसाला ही बाब किरकोळ वाटेल. तो 'अल्सामिक्सर' उघडतो, वाहिनीखाली 'एम' हे रोमन अक्षर दोनदा दिसले की ती मूक आहे हे जाणतो आणि त्याच अक्षराची कळ दाबून तिला बोलती करतो. दृष्टिहीन वापरकर्त्याची स्थिती निराळी आहे. पडद्यावरील मजकूर 'ऑर्का' ही आज्ञावली त्याला वाचून दाखविते. तिला वाणी पुरविणाऱ्या 'ईस्पीक एनजी'मध्ये मराठीचाही समावेश आहे. कार्ड मूक राहिले तर त्याच्यापुढचा सारा संगणकच अदृश्य होतो. आवाज सुरू करण्याचे साधनही त्याच आवाजातून बोलणारे असल्यामुळे त्याला दुसऱ्याच्या डोळ्यांची वाट पाहावी लागते. वाचनालयातील सामाईक संगणकावर तर आधीच्या वाचकाने आवाज बंद केला असेल, तर तीच मूक पातळी इमानाने जपली जाऊन दुसऱ्या दिवशी परत येते.

म्हणून अशा संगणकावर योग्य पातळी एकदा निश्चित करून, प्रशासकाच्या अधिकाराने 'स्टोअर' ही आज्ञा तेव्हाच द्यावी. संगणक बंद होण्याची वाट पाहू नये. नंतर संगणक पुन्हा सुरू करून, प्रवेशाच्या पडद्यापाशीच आवाज येतो की नाही, हे कानांनी पडताळून घ्यावे.