पुळण, आगर आणि सडा : सागरी महामार्गावर तंबूची जागा

रायगड जिल्ह्यातील रेवसपासून सिंधुदुर्गातील रेडीपर्यंत किनाऱ्याला धरून जाणारा सागरी महामार्ग नकाशावर सलग दिसत असला, तरी प्रत्यक्षात तो खाड्यांनी जागोजागी तोडलेला रस्ता आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी, बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना या मार्गाची कल्पना पुढे आली. मोठ्या खाड्यांवरील काही पूल रखडल्यामुळे वाहनांना दीर्घकाळ फेरीबोटीचाच आधार राहिला. राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा ते दिघी, सावित्रीच्या मुखाशी वेसवी ते बागमांडला, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे आणि शास्त्री नदीवर तवसाळ ते जयगड अशा या फेऱ्या मोटारींसह माणसांना पलीकडे नेतात, आणि एखादी फेरी चुकली तर सावित्रीसाठी आंबेतच्या पुलापर्यंत, वाशिष्ठीसाठी तर थेट खेड-चिपळूणच्या बाजूने वळसा घालावा लागतो. या मार्गाने तंबू घेऊन फिरणाऱ्याने दिवसाचे अंतर किलोमीटरांत न मोजता खाड्यांत मोजावे, हे म्हणूनच अधिक शहाणपणाचे ठरते. कारण एका दिवसात दोनाहून अधिक खाड्या ओलांडण्याचा बेत बहुधा अंधारात जागा शोधण्यापाशी येऊन थांबतो, आणि अंधारात निवडलेली किनाऱ्यावरील जागा ही निवडलेली नसतेच.

जागेची निवड समजून घेण्यासाठी कोकणातील किनारी गावाचा आडवा छेद डोळ्यांपुढे आणावा लागतो. समुद्राला लागून वाळूचा पट्टा, म्हणजे पुळण, असते. तिच्या माथ्यावर केवड्याची किंवा वन विभागाने लावलेल्या सुरूची रांग, तिच्या आड नारळी-पोफळीची आगरे, आगरांत किंवा त्यांना लागून घरे, घरांमागे रस्ता, मग डोंगरउतार आणि सर्वांत वर जांभ्या दगडाचे उघडे पठार, म्हणजे सडा, असा हा क्रम दिवेआगर, मुरुड, गुहागर यांसारख्या गावांत थोड्याफार फरकाने आढळतो. हा क्रम शोभेसाठी जुळून आलेला नाही. वारा, वाळू आणि भरती यांचा मार सोसत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांनी घर कोठे बांधावे याचे जे उत्तर काढले, ते तंबूलाही बहुतांशी लागू पडते. पर्यटक मात्र नेमका उलटा क्रम धरतो आणि जेथे गावातील कोणीही कधी झोपले नाही, त्या पुळणीवर दृश्यासाठी तंबू ठोकतो.

पुळणीचा मुख्य दोष भरतीचा आहे, आणि तो दिसतो त्याहून गुंतागुंतीचा आहे. कोकणच्या किनाऱ्यावर एका दिवसात साधारणपणे दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येऊन पाणी सर्वाधिक चढते आणि तितकेच खाली उतरते. याला उधाण म्हणतात, तर अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीओहोटीला भांग म्हणतात. मुंबईजवळ उधाणाच्या दिवशी हा चढउतार चार मीटरच्याही पलीकडे जातो आणि दक्षिणेला गोव्याकडे जाताना तो निम्म्यापर्यंत उतरतो. म्हणून अलिबाग-काशिदच्या पुळणीवर जी सावधगिरी हवी, तिचे प्रमाण मालवण-वेंगुर्ल्याकडे वेगळे असते.

मुंबईच्या आसपास भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा आहे : तिथीचा आकडा घेऊन त्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसात वाजता पाणी भरते, आणि पौर्णिमेला हा हिशेब सव्वाअकरा दाखवत असला तरी प्रत्यक्षात ते बाराच्या आसपास असते. एकच आकडा दिवसाला आणि रात्रीला दोन्हीकडे चालतो. दक्षिण कोकणात पाणी थोडे आधी भरते, एवढी दुरुस्ती मनाशी धरावी. या ठोकताळ्यातून निघणारा निष्कर्ष पुळणीवर झोपणाऱ्याला अडचणीत टाकणारा आहे, कारण चांदण्यासाठी जी पौर्णिमा निवडली जाते, त्याच रात्री उधाणाचे पाणी बरोबर मध्यरात्री, म्हणजे माणसे गाढ झोपेत असताना, सर्वांत वर येते. यात आणखी एक भर आहे. चंद्र विषुववृत्ताच्या उत्तरेस आणि दक्षिणेस सरकत असल्यामुळे एकाच दिवसातील दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. पावसाळ्यातील उधाणांत त्यांपैकी मोठी भरती दुपारी येते, तर हिवाळ्यात मध्यरात्री. दिवसाच्या भरतीची ओली रेषा पाहून तिच्यावर चार पावले तंबू लावणाऱ्याला डिसेंबरात रात्रीचे पाणी गाठते ते यामुळेच, कारण पन्नासास एक इतक्या मंद उताराच्या पुळणीवर पाणी नुसते अर्धा मीटर जास्त चढले तरी ते पंचवीस मीटर आत येते.

मग रेषा ओळखावी कशी? ताज्या ओल्या खुणेवर विश्वास न ठेवता वाळलेले शेवाळ, शिंपले, काटक्या आणि अलीकडे प्लॅस्टिक यांनी आखलेल्या रेषांपैकी सर्वांत वरची शोधावी. जांभळ्या फुलांची मर्यादवेल जेथून वाळू धरून पसरू लागते, तेथे नेहमीची भरती पोचत नाही असे समजण्यास हरकत नाही. खाडीच्या मुखाशी वाळूचा जो निमुळता दांडा समुद्रात पुढे जातो, तो मात्र या खुणांसह टाळावा. तारकर्लीच्या पुढे देवबागेत कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधील चिंचोळी पट्टी दोन्ही बाजूंनी किती खचते आहे, हे तेथील रहिवासीच जाणतात. मोटारीच्या बाबतीत तर पुळण सर्वस्वी वर्ज्य मानावी. ओहोटीच्या वेळी कठीण भासणारी वाळू पाणी परतू लागताच चाकांखाली मऊ पडते.

सुरूचे बन सावली देते, जमिनीवर गळलेल्या काड्यांचा मऊ थर देते आणि वाऱ्याचा जोर मोडते, म्हणून ते पहिल्या नजरेत आदर्श वाटते. परंतु त्या वाळलेल्या काड्या एका ठिणगीने पेट घेतात, आणि वाळूत रुजलेले सुरू मोठ्या वाऱ्यात टिकत नाहीत. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर आणि दापोलीच्या परिसरातील सुरूची बने आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या होत्या. पावसाळा सरला म्हणजे वादळाचा धोकाही सरला, असेही नाही. फयान हे वादळ २००९ च्या नोव्हेंबरात, म्हणजे तंबूच्या हंगामाच्या तोंडावरच, आले होते.

सर्व बाजूंनी विचार करता आगर हीच तंबूची खरी जागा ठरते. तेथे विहीर असते, माणसांची जाग असते, मालकाच्या परवानगीने स्वच्छतागृह मिळते आणि जेवणात घरची सोलकढीही मिळू शकते, जी कोणत्याही चुलीवरच्या झटपट शेवयांपेक्षा निश्चितच श्रेयस्कर आहे. अट एकच, नारळाच्या बुंध्याजवळ तंबू नको : पक्व नारळ आणि वाळलेली झावळी वाऱ्याची वाट पाहत नाहीत. तंबूचे तोंड ठरवताना दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे आणि रात्री जमीन निवल्यावर तिच्याकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे यांचा पालट लक्षात घ्यावा, कारण संध्याकाळी सुखद वाटलेली दिशा पहाटे निरुपयोगी ठरते. दंव भरपूर पडते, त्यामुळे वरचे आच्छादन काढून चांदण्या पाहण्याचा मोह सकाळी ओल्या पांघरुणावर निभावतो. विहिरीच्या पाण्याबद्दलही एक समज हवी : किनाऱ्यालगत गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, आणि उपसा वाढला की, विशेषतः मार्चनंतर, ते मचूळ होऊ लागते, पन्नास तंबूंच्या आंघोळींसाठी ती विहीर खोदलेली नसते.

सड्यावरचा मुक्काम हा वेगळ्या वृत्तीच्या प्रवाशासाठी आहे. तेथून समुद्र पायाशी दिसतो, वारा मोकळा असतो, गर्दी नसते. पण पाणी नसते, सावली नसते, ऑक्टोबरात आणि मे महिन्यात विजांचे भय असते आणि जांभ्यात तंबूच्या खुंट्या शिरत नाहीत. खुंट्यांऐवजी दगड लावण्याचा उपाय सर्वांना सुचतो, आणि नेमक्या त्याच दगडांखाली फुरसे हा विषारी साप किंवा लाल विंचू दडलेला असू शकतो. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध परिणामकारक असल्याचे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिले, आणि त्यामुळे पूर्वी हमखास धास्तीचा असलेला हा दंश आटोक्यात आला; तरी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किती अंतरावर आहे, हे सड्यावर चढण्यापूर्वीच माहीत असावे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील सड्यांवर, उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे येथे, प्राचीन कातळशिल्पे आहेत आणि त्यांपैकी काही स्थळे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०२२ मध्ये समाविष्ट झाली आहेत. अशा कातळावर शेकोटी पेटवणे किंवा गाडी चढवणे म्हणजे न भरून येणारी हानी होय.

कायद्याचीही एक रेषा किनाऱ्यावर आखलेली आहे. किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना १९९१ मध्ये प्रथम निघाली आणि २०१९ मध्ये तिचे नवे रूप आले. समुद्राकाठी भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा जमिनीचा पट्टा तिच्या कक्षेत येतो. व्यावसायिक तंबूंच्या वसाहती या पट्ट्यात परवानगीशिवाय उभ्या राहू शकत नाहीत, म्हणून आगाऊ पैसे भरण्यापूर्वी जागा नेमकी कोठे आहे आणि परवानगी कोणाची आहे, हे विचारण्यात संकोच करू नये; ‘अगदी पाण्याजवळ’ ही जाहिरात गुणाऐवजी इशारा म्हणून वाचावी. वेळास, आंजर्ले, केळशी, गावखडी, वायंगणी अशा पुळणींवर याहून नाजूक कारण आहे. हिवाळ्याच्या आरंभापासून ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या तेथे रात्री अंडी घालण्यास येतात, आणि सुमारे दीड ते दोन महिन्यांनी बाहेर पडणारी पिले क्षितिजावरील सर्वांत उजळ दिशेकडे धाव घेतात. समुद्राऐवजी तंबूतील दिवा उजळ असेल तर ती जमिनीकडे वळतात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ पासून वेळासला घरट्यांच्या रक्षणाचे काम उभे केले आणि पुढे कासव महोत्सवाच्या निमित्ताने गावातील घरे पाहुण्यांसाठी खुली झाली. त्यामुळे वेळासला जाणाऱ्याने तंबू गाडीतच ठेवून घरगुती निवास घेणे अधिक उचित आहे.

रेडीच्या पुढे तेरेखोलची खाडी आली की महाराष्ट्र संपून गोवा सुरू होतो आणि फेरीबोट पलीकडे केरीला उतरवते. तेथे पर्यटनस्थळांवर उघड्यावर स्वयंपाक करणे हा दंडनीय गुन्हा असल्यामुळे शेगडी बाहेर काढण्यापूर्वी खासगी आवारातील जागा ठरवलेली असावी लागते, आणि ती शक्यतो शिरोड्यात शेवटचा मुक्काम असतानाच फोन करून ठरवावी.